पुसलेली खूण

आमच्याकडे, ब्रेमेनच्या पलीकडे समुद्रकाठी, चहा नको असेल तर 'नको' म्हणायचं नसतं. कपात चमचा ठेवायचा. जोवर चमचा बशीत आहे तोवर घरची बाई ओतत राहणार आणि पाहुण्याने पीत राहायचं. खाली खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक काळा चहा, वरून साय, आणि ढवळायचा अजिबात नाही. मग चमचा देता कशाला, असं बाहेरची माणसं विचारतात. अहो, पुरे म्हणायला!

हे त्या रुमानियाच्या पोरीला, इलिंकाला, कुणी सांगितलंच नव्हतं. ऑगस्टमध्ये आमच्या टेनिस क्लबची स्पर्धा असते. कुठकुठल्या देशांतल्या मुली येतात, आणि क्लबचं स्वयंपाकघर माझ्याकडे, या गेझीनेकडे, माझे केस सोनेरी होते तेव्हापासून. पहिल्याच दिवशी सकाळी इलिंका माझ्या टेबलाशी बसली. मी ओतला, ती प्यायली. मी ओतला, ती प्यायली. पोरगी लालबुंद झाली तरी माझं आपलं चालूच. शेवटी तिने शेजारी बसलेल्या आमच्या फेन्याला कोपराने ढोसलं.

"अगं, थांबव यांना. माझं पोट फुटेल. नको म्हटलं तर मावशींना वाईट वाटेल म्हणून पितेय."

फेन्या हसली. किती महिन्यांनी मी त्या पोरीचं हसू ऐकलं! तिने इलिंकाचा चमचा उचलला आणि तिच्या कपात टाकला.

"झालं. सुटलीस."

"एवढंच?"

"एवढंच," फेन्या म्हणाली, "पण जमायला लागतं."

तेव्हा मी हसले. मला काय माहीत, ती कशाबद्दल बोलत होती ते.

फेन्या म्हणजे आमच्या ओनोची मुलगी. ओनो समुद्राच्या बांधावर काम करायचा. भरतीचं पाणी अडवणारी लाकडी दारं आहेत ना, ती दुरुस्त करणारा सुतार. हात सोन्याचे, तोंड मात्र कुलूपबंद. मी आणि तो एकाच गल्लीत वाढलो, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्क मला आहे. टेनिस त्याने जन्मात खेळलं नव्हतं. एकदा क्लबचं छप्पर गळायला लागलं म्हणून त्याला बोलावलं, तर बरोबर पाच वर्षांच्या पोरीला घेऊन आला. तिची आई कामावर, घरी सांभाळायला कुणी नव्हतं. तिला गप्प बसवायला मी एक तुटकी रॅकेट आणि एक जुना बॉल दिला. ती खालच्या पडवीच्या भिंतीवर बॉल मारायला लागली. वर छपरावर ठोकाठोक चालू होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ठोकणं थांबलंय. बाहेर येऊन बघते तर ओनो हातोडी मांडीवर ठेवून छपरावर बसलाय आणि खाली पोरीकडे बघतोय. तोंडात खिळे तसेच.

तिथून सगळं सुरू झालं. त्याने पुस्तकं आणली, दुसऱ्यांच्या पोरांचे तास कुंपणाबाहेर उभं राहून बघितले, घरी येऊन झाडूच्या दांड्याने आरशासमोर हात फिरवले. आम्ही पोटभर हसलो त्याला. मग बांधावरची चांगली नोकरी सोडून त्याने आमच्या क्लबची कोर्टं राखायचं काम घेतलं, का तर पोरीला वाटेल तेव्हा कोर्ट मिळावं.

"ओनो, डोकं ठिकाणावर आहे का रे?" मी विचारलं.

"समुद्र काय, दुसरा कुणीही अडवेल," तो म्हणाला. "हिच्याकडे दुसरं कोण बघणार?"

आमची कोर्टं लाल मातीची. खेळून झालं की ज्याने त्याने आपलं कोर्ट जाळी ओढून सारखं करायचं, हा सगळीकडचाच रिवाज. पण ओनो त्याच्याही पुढचा. पाय घसरून माती उकरली गेली तर तिथल्या तिथे बुटाने दाबायची. "मागे खड्डा ठेवायचा नाही. खूण ठेवायची नाही. आपण गेल्यावर इथे कुणी आलंच नव्हतं असं वाटलं पाहिजे." एवढीशी फेन्या प्रत्येक बॉलनंतर वळून जमीन दाबत पुढे जायची. बाकीची पोरं तिला चिडवायची, "फेन्या, इस्त्री फिरव गं!"

पोरगी चांगली निघाली. खोटं कशाला बोलू, फारच चांगली निघाली. पंधराव्या वर्षी आमच्या अख्ख्या प्रांतात तिच्या वयाच्या कुणाला तिच्यासमोर उभं राहता येईना. बेकरीच्या काचेवर तिचा फोटो लागला. खाटीक तिला दुकानात शिरतानाच विचारायचा, "काय गं, जिंकलीस की हरलीस? हरली असलीस तर आज सॉसेज नाही, नुसता पाव!" गंमतच करायचा बिचारा. पण पोरगी हरली की त्या रस्त्याने जायचीच नाही, पलीकडून कालव्याच्या काठाने घरी जायची. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ती सतरा वर्षांची असताना तिची आई, मारायके, घर सोडून ब्रेमेनला गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. जाताना माझ्याकडे किल्ली द्यायला आली तेव्हा म्हणाली, "गेझीने, त्या घरात जेवताना सर्व्हिस, झोपताना बॅकहँड. मी मेले तरी आधी सामना संपू देतील." फेन्याला तिने चल म्हटलं होतं. तिथे शाळा होती, मैत्रिणी मिळाल्या असत्या. पोरीने बॅगसुद्धा भरली होती. मग ती खाली आली, तर ओनो स्वयंपाकघरात बसून तिच्या रॅकेटची मूठ नव्याने गुंडाळत होता. तिने बॅग वर नेऊन रिकामी केली.

"बाबा एकटा पडेल," एवढंच मला म्हणाली.

शाळा संपली आणि ती पैशासाठी खेळणाऱ्यांत गेली. लोकांना वाटतं, म्हणजे आता विमानं आणि टीव्ही. कसलं काय! कधी तुर्कस्तान, कधी ट्युनिशिया, कधी पोलंडमधलं एखादं थंडगार गाव. एकाच हॉटेलात सगळ्या मुली, सगळ्या एकमेकींच्या वैरिणी, सगळ्या न्याहरीला गप्प. हात धुवायच्या बेसिनमध्ये मोजे धुवायचे. सोमवारी आशा, बुधवारी हार, गुरुवारी पुढची गाडी. खांदा दुखायला लागला, तो बरा झाला तर मनगट धरलं. रोज संध्याकाळी ती बापाला फोनवर एकच शब्द लिहायची: 'ठीक'. ओनो तो शब्द मला दाखवायचा, जसा काही तो मेडलच आहे. "बघ, ठीक आहे म्हणते."

"अरे, बरी असलेली माणसं एवढं कमी बोलत नाहीत," मी म्हणायचे. पण ऐकतोय कोण.

हिवाळ्यात ती घरी आली की दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बटाटे सोलायची. तासन्‌तास. मी म्हणायचे, "जगात नाव काढणारी पोर, आणि इथे साली काढत बसलीय!"

"बटाटा बरा मावशी. सोलला की संपतो."

एकदा तिने विचारलं, "तुला कंटाळा आला तर तू काय करतेस?"

"दार लावते आणि ताणून देते. आणखी काय?"

तिने आणखी एक बटाटा सोलला. मग म्हणाली, "माझ्या दाराला कडी बाहेरून आहे गं." मी सुरी थांबवून तिच्याकडे बघितलं, पण तेवढ्यात ओनो मनगटाला बांधायची पट्टी घेऊन आला आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

आता त्या ऑगस्टमधल्या स्पर्धेकडे येते. फेन्या तेवीस वर्षांची. क्रमवारीत ती अशा जागी येऊन अडकली होती की वरची माणसं तिला ओळखत नव्हती आणि खालच्या पोरी तिच्या टाचा चावत होत्या. पण आमची स्पर्धा ती जिंकली तर एवढी वर जाणार होती की जानेवारीत ऑस्ट्रेलियात, त्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तिचं नाव लागणार होतं. ओनो त्या एका गोष्टीवर जगत होता. त्या आठवड्यात तो जेवलाही उभ्या उभ्याच. आणि पोरगी एकेक सामना जिंकत अंतिम सामन्यात पोचली. समोर कोण, तर तीच चहा पिऊन पिऊन लाल झालेली इलिंका.

रविवार दुपार. वारा समुद्राकडून, नेहमीसारखा. अख्खं गाव कुंपणाला टेकून उभं. ओनो मागच्या रेघेच्या पाठीमागे, त्याच्या ठरलेल्या बाकावर, हात गुडघ्यांवर. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच टोकाला उघडते, त्यामुळे मला त्याच्या डोक्यावरून सगळं दिसत होतं. केक करपला तरी मी हलले नाही.

पहिला सेट फेन्याचा, दुसरा इलिंकाचा. तिसऱ्यात दोघी अशा खेळल्या की मला बघवेना आणि नजरही काढवेना. शेवटी इलिंकाला मॅच पॉइंट मिळाला, म्हणजे आणखी एक गुण आणि सामना तिचा. बॉल किती वेळ इकडून तिकडे जात राहिला, आणि मग इलिंकाने एक खोल बॉल मारला. तो फेन्याच्या मागच्या रेघेजवळ पडला. पंच खुर्चीवरून काही बोलली नाही. फेन्याने खेळ थांबवून बोट वर केलं. म्हणजे बाहेर.

लाल मातीवर बॉल पडला की खूण उठते. शंका असली तर पंच खाली उतरून ती खूण बघते. आणि पंच बघायच्या आधी आपल्या बाजूची खूण जिने पुसली, तिने तो गुण सोडला. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

पंच उतरायला लागली. फेन्या खुणेशी गेली आणि खाली बघत उभी राहिली. मलाही ती खूण दिसत होती. रेघेच्या बाहेर, चांगली तळहाताएवढी माती मधे सोडून. कुंपणापाशी लोक टाळ्या वाजवायला लागले होते. पोरगी वाचली! सामना चालू राहणार!

फेन्याने मान वर केली. देवाशप्पथ सांगते, त्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. बॉल बाहेर होता, म्हणजे अजून खेळायचं होतं. तिने बाकाकडे, बापाकडे बघितलं. मग परत खाली. आणि बुटाने, हळूच, लहानपणी दाबायची तशी तिने ती माती सारखी करून टाकली.

टाळ्या तिथेच थांबल्या. पंच अर्ध्या शिडीवर थांबली. ओनो उठला आणि पुन्हा बसला. मग पंचाने इलिंकाचं नाव पुकारलं. जिंकलेल्या इलिंकाने हातही वर केले नाहीत. दोघींनी जाळीवरून हात मिळवले, आणि फेन्याने, अख्खं गाव बघत असताना, कोपऱ्यातली ओढायची जाळी घेतली आणि सगळं कोर्ट गोल गोल फिरून सारखं केलं. माझे तर डोळेच भरून आले.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, दुखेल तिथेच बोट घालायची सवय. बियरचा ग्लास घेऊन ते ओनोपाशी आले.

"ओनो, तुझ्या टापटिपीने पोरीला बुडवलं रे! सवय ती सवय. दुसऱ्या कुठल्याही गावची पोर असती तर पाय उचलला नसता!"

सगळे तेच म्हणत होते. सवयीने पुसलं. बापाने लावलेली सवय. ओनोने मान हलवली, एकदा, दोनदा. चेहरा चुन्यासारखा झाला होता. फेन्या दोन पावलांवर उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि रॅकेट पिशवीत घातली.

सगळे पांगल्यावर इलिंका माझ्याकडे आली. बक्षिसाचा चषक काखेत, जणू चोरून आणलाय.

"मावशी, बॉल बाहेर होता ना हो?"

"मला काय विचारतेस? मी केक बघत होते."

"तिने का पुसलं?"

"सवय आहे तिची."

"सवयीने पुसणारा आधी एवढा वेळ बघत बसत नाही," ती म्हणाली.

"हे घे, खा, आणि गप्प बस," मी तिला केकचा न करपलेला तुकडा दिला. तिच्या पोटात जे होतं तेच माझ्या पोटात होतं. पण ते सांगणं तिचंही नव्हतं आणि माझंही नव्हतं.

त्यानंतर ओनो कोर्टावर आलाच नाही. वादळातसुद्धा येणारा माणूस! कोर्टांवर पानं पडली, शेवाळ धरायला लागलं. मी दारात जाऊन हाका मारल्या, तर आतून म्हणतो, "कुणीतरी दुसरा बघा. मी शिकवलेलं बघितलंत ना." मी फेन्याला कालव्याच्या काठावर गाठलं.

"तुझा बाप आतून कुरतडला जातोय. कळतंय का तुला?"

"कळतंय," ती म्हणाली. "मावशी, रविवारी चहाला येशील? मला एकटीला नाही जमायचं."

रविवारी मी गेले. मारायकेने विणलेलं पांढरं टेबलक्लॉथ ओनोने अंथरलं होतं. तो ते फक्त नाताळात काढतो. पातळ पोर्सिलीनचे कप, लाल गुलाबवाले. त्याने दाढी केली होती आणि गालावर कापून घेतलं होतं. मला बघून बरं वाटलं त्याला, किंवा तो तसं दाखवत होता. त्याने खडीसाखर घातली, चहा ओतला, आम्ही पहिला कप प्यायलो. साखर तडतडली तेवढाच आवाज.

मग तो उभा राहिला. उभा राहून बोलायचं असं त्याने ठरवलं असावं.

"पोरी," तो म्हणाला, "मला माफ कर. माझ्यामुळे गेलं तुझं."

या माणसाला मी तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखते. त्याने कुणाची माफी मागितलेली मी ऐकलेली नाही. मारायकेचीसुद्धा नाही.

"बाबा—"

"थांब, मला बोलू दे. तू काहीच चुकली नाहीस. तू अजून सामन्यात होतीस. तो पाय तुझा नव्हता, माझा होता. मी तुला पुसायला शिकवलं. आता ती सवय मोडू आपण. ऑक्टोबरात तुर्कस्तानला जाऊ, मी पण येतो बरोबर. वसंतापर्यंत परत तिथे येऊ जिथे होतो. तू फक्त एक सवय मोड, बाकीचं मी बघतो."

आणि त्याने किटली उचलून तिच्या कपावर धरली.

फेन्याने बशीतला चमचा उचलला आणि कपात ठेवला.

किटलीची तोटी तशीच वाकलेली राहिली. "अगं, दुसराच तर कप आहे," ओनो म्हणाला.

"पुरे, बाबा."

"बरं नाही का वाटत?"

"मी चहाचं बोलत नाहीये."

मी टेबलाखाली तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता.

"बॉल बाहेर होता," ती म्हणाली. "मला स्वच्छ दिसला. मी बघितलं, आणि मग खूण पुसली. सवयीने नाही, बाबा. मला कळत होतं मी काय करतेय ते. तो बाहेर दिसला ना, तेव्हा मला वाटलं, देवा, अजून? आणि मला रडू यायला लागलं. तू स्वतःला बोल लावतोयस, ते मला सहन होत नाही. तुझी चूक नव्हती ती. मीच सोडलं."

ओनोचा चेहरा हळूहळू लाल झाला. मला वाटलं, आता हा ओरडणार, कप फुटणार. मी अर्धी उठलेसुद्धा.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"आई गेली तेव्हापासून. बहुतेक त्याच्याही आधीपासून."

"आणि एकदाही बोलली नाहीस?"

"तू सगळं सोडलं होतंस बाबा. बांध सोडलास. आई गेली. मी पण पुरे म्हटलं असतं तर तुझ्याकडे काय उरलं असतं?"

तो बघत राहिला तिच्याकडे. छपरावरून बघत होता तसाच, पण आता समोर पाच वर्षांची पोर नव्हती. मला वाटतं, त्याला ते त्याच क्षणी दिसलं.

"मी ओतत राहिलो," तो म्हणाला. "आणि तू पीत राहिलीस."

किटली अजून त्याच्या हातातच होती. तोटी हलली आणि काळा चहा त्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडला, पसरत गेला. फेन्या झटकन उठली, फडकं घेतलं, वाकली. ओनोने दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं, ते दुखरं मनगट, पण हलकेच.

"राहू दे."

"डाग पडेल, बाबा. आईचं आहे."

"पडू दे," ओनो म्हणाला. "तो पुसू नको. राहू दे."

त्याने किटली खाली ठेवली, आपल्या कपात चमचा ठेवला, आणि पोरीच्या हातातलं फडकं काढून घेऊन त्यात तोंड खुपसून रडला.